सरकारचा घसा

बबन कोतवाल कुणाच्या घरी गेला की दार वाजवायचा नाही आणि हाकही मारायचा नाही. अंगणाच्या कडेला उभा राहायचा, घसा खाकरायचा, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली यादी बाहेर काढायचा आणि वाचायला लागायचा. तीही पहिल्या नावापासून. घर कुणाचंही असो, सुरुवात अंकुश धोंडिबापासूनच. आमच्या हिचं नाव हौसाबाई, म्हणजे यादीच्या अगदी तळाला. त्या एका नावासाठी आधीची सगळी नावं, बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावासकट, आम्हाला ऐकावी लागायची. ज्याचं नाव आलं त्यानं "हाय" म्हणायचं. जो समोर नाही त्याचं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं. मग बबन कानावरचं पेन काढून नावापुढं बारकी खूण करणार.

"आरं, आमचं तेवढं वाच की आन जा," असं कुणी म्हटलं तर म्हणायचा, "मी सरकार न्हाई, आण्णा. मी सरकारचा घसा हाय. घशाला मधूनच सुरुवात करता येत न्हाई."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावातला माणूस. नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची, पंचनाम्याला टेप धरायचा, साहेब आला की खुर्ची पुसायची. पगार नाही, मानधन. बबन म्हणायचा, "धन थोडं हाय, आन मान अजून घावला न्हाई." बापही कोतवालच होता. ओढ्याच्या पलीकडं बौद्धवाडीत घर. आमच्या माले गावात तीस वर्षं हा माणूस प्रत्येक अंगणात उभा राहिला. उभाच राहिला. खरं ते लिहितो, कारण खोटं नीट लिहिण्याएवढा मी शिकलेला नाही. आमच्यापैकी कुणी त्याला बस म्हटलं नाही. चहा दिला तर तो उभ्यानं प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि पडवीच्या कठड्यावर पालथा घालून जायचा. आम्हाला त्यात काही वावगं दिसायचं नाही. आता दिसतं.

सगळी नावं वाचायचं खूळ कुठून लागलं, ते त्यानंच एकदा सांगितलं. नवा नवा कामाला लागला होता. वादळानं भात आडवं झालं, नुकसानीची यादी करायची होती. हा घरोघरी गेला. जो भेटला त्याचं लिहिलं, कुलूप दिसलं तिथून पुढं सरकला. एक म्हातारी एकटीच राहायची. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तिचं राहून गेलं. शेजारणीला सगळं ठाऊक होतं, पण शेजारणीला ह्यानं शेजारणीचंच विचारलं. म्हातारीला भरपाई मिळाली नाही. भांडलीसुद्धा नाही. "ऱ्हाऊ दे लेकरा, पुढच्या सालाला बघू," म्हणाली.

"शिवी दिली असती तर इसरून गेलो असतो, आण्णा," बबन म्हणायचा.

तेव्हापासून त्यानं आपला नियम केला. वाचल्याबिगर लिवायचं न्हाई, आन ऐकल्याबिगर खोडायचं न्हाई. एका घराची खबर दुसऱ्या घराला असते, म्हणून प्रत्येक घरात सगळ्यांची नावं. तलाठी बदलत गेले, कागद जाऊन कॉम्प्युटर आला, पण बबनचा नियम हलला नाही.

रोगाच्या आधी वस्तीपुरती यादी अंगणात आणि सगळ्या गावाची चावडीवर वाचली जायची. जमिनीचे बदल, याद्या, सगळं मोठ्यानं वाचायचं, म्हणजे कुणाची हरकत असेल तर तिथंच कळावी. मग तो रोग आला. चार माणसं जमायला बंदी झाली, चावडीला कुलूप लागलं. पिरंगुटच्या कंपन्या बंद, लवळ्याच्या कॉलेजातली पोरं घरी गेली, तिथल्या खानावळी बंद. गावातली निम्मी पोरं हात चोळत पडवीत बसली. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यावर सरकार चार महिन्यांनी दोन हजार टाकायचं, त्यावर लोकांचं तेल-मीठ चालायचं. पण ज्याच्या नावावर जमीन त्यालाच ते. त्यातही कुणाचं आधार जुळत नाही, कुणी नोकरीत आहे, कुणी टॅक्स भरतो, कुणी मेलेला. हे सगळं तपासून यादी परत पाठवायची होती.

तलाठी म्हणाले, "फोन करून विचार."

बबन म्हणाला, "साहेब, फोनवर माणूस काय बी म्हणतो. अंगणात म्हणत न्हाई. चावडी बंद हाय तर मी चावडी घेऊन फिरतो."

आणि खरंच फिरला. वैशाखाच्या उन्हात एकेका घरापुढं सबंध यादी. दिवसाला सात-आठ घरं व्हायची, संध्याकाळी आवाज बसायचा. बायको मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावायची म्हणे.

आमच्याकडं एक नाना आहेत. धरणाच्या कडेला त्यांचं हॉटेल, खोल्या, पोहायचा हौद. पुण्याची माणसं येतात. जमीनही आहे, म्हणून यादीत नाव होतं आणि दोन हजार त्यांनाही येत होते. टॅक्स भरणाऱ्याला हे पैसे घेता येत नाहीत, हे नानांना कळत नव्हतं असं नाही. बबन त्यांच्या फाटकाशी उभा राहून वाचायला लागला तसे नाना बाहेर आले.

"बबन, माझं नाव जरा हळू वाच."

"हळू वाचायची सवय न्हाई, नाना. नाव आलं. टॅक्स भरता का?"

"ते आपण नंतर बोलू."

"बोलू की. आत्ता भरता का न्हाई तेवढं सांगा. मागं पाहुणं ऐकत्यात."

पाहुणे कुठले, हॉटेल ओस पडलेलं. पण नानांनी मागं वळून पाहिलं आणि "भरतो" म्हणाले. बबननं तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी नानांनी त्याच्या घरी इंद्रायणीचं पोतं पाठवलं. बबननं ते सायकलच्या कॅरेजला बांधून परत आणलं आणि फाटकातून ओरडला, "नाना, तांदूळ चांगला हाय. पर घशात अडकंल." नानांना घेतलेले सगळे पैसे परत भरावे लागले. ते त्यांनी मनात ठेवलं.

आमच्या अंगणात तो त्याच वैशाखात आला. तोंडाला हिरव्या टॉवेलची पट्टी. हौसा पडवीत भाताचं बियाणं पाखडत होती. बबननं पट्टी हनुवटीखाली ओढली.

"आरं, तोंड झाक की! तूच आनशील रोग घरात," हौसा म्हणाली.

"वैनी, तोंड झाकल्यावं घसा कसा चालंल?"

"मग लांब हो."

तो मागं मागं जात उकिरड्यापाशी पोचला आणि तिथून वाचू लागला. प्रत्येक नावाला हिची पुस्ती.

"धोंडिबाचा अंकुश हाय, आत्ताच म्हस घेऊन गेला. कमळी हाय, पर तिला ऐकू येत न्हाई, माझंच हाय लिव. चंदर हाय, असून काय उपेग?"

असं करत यादी तळाला आली.

"हौसाबाई ज्ञानोबा शेडगे."

"हाय बाबा, हाय! इतक्या उशिरा नाव घेतोस, तवर जगले हेच लई झालं."

बबन हसला, मीही हसलो. नाव तिचं होतं, कारण जमीन तिची होती. माझ्या वाट्याची मी बंगलेवाल्याला विकून मोकळा झालो होतो. भावांनी विकली, मीही विकली. पैसा आला तसा गेला. हौसाला भाऊ नव्हता. तिच्या बापानं तीस गुंठ्यांची खाचरं तिच्या नावावर केली होती. दलाल किती वेळा आले, मी किती वेळा सांगून पाहिलं. ती म्हणायची, "तुमचं होतं ते तुमी इकलं. माझ्या नावाचं ऱ्हाऊ दे." त्या नावावर आम्ही दोघं जेवत होतो. दोन हजार आले की ती मला सांगायची, "माझ्या नावाचं आलं." मी म्हणायचो, "मग मला चा तरी पाज." असं आमचं चालायचं.

पुढच्या वर्षी चैत्रात ती गेली. पौडवरून गाडी आली, पुण्याला दवाखान्यात नेली. मला गाडीत बसू दिलं नाही. आठव्या दिवशी फोन आला. जाळलंही त्यांनीच. जावई त्याच्या भरे गावाहून पुण्याला गेला आणि कापडात बांधलेलं मडकं घेऊन आला. दहाव्याला पाच माणसं, तीही लांब लांब उभी. लेकीच्या घरात ताप होता, तिला येता आलं नाही. गाव आमचं वाईट नाही, पण भीती सगळ्यांनाच होती. दुखवट्याला कुणी आलं नाही. लांबून हात जोडायचे आणि जायचे. मृत्यूची नोंद पुण्यात झाली, आमच्या ग्रामपंचायतीत झाली नाही. त्यामुळं मालेच्या कागदावर हौसा तशीच राहिली.

आषाढात बबन नवी यादी घेऊन आला तेव्हा मी खाचरात होतो. निम्मी लावणी झाली होती, निम्मं रान पडून होतं. एकट्यानं काय होणार? तो बांधावर उभा राहिला. वर पाऊस, म्हणून यादीवर प्लॅस्टिक धरलेलं.

"अंकुश धोंडिबा."

"हाय."

आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची जुडी हातात धरून मी हाय हाय म्हणत राहिलो. यादी पुढं सरकत होती. तिच्या तळाला काय आहे ते मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. पेन कानावर होतं, खुणा करायला तो थांबत होता, घाई नाही. सुदाम आला, हनुमंत आला, हिराबाई आली.

"हौसाबाई ज्ञानोबा शेडगे."

"हाय," मी म्हणालो.

दोन हजारांसाठी नव्हे, हे तुम्ही माना नाहीतर मानू नका. ते पैसे मी काढत नव्हतो, पासबुक भरूनही आणलं नव्हतं. पण मी तिला मेलेली पाहिली नव्हती. गाडीत बसलेली पाहिली होती. फोन आला होता, आणि फोनवर माणूस काय बी म्हणतो.

बबननं कानावरचं पेन काढलं. थोडा वेळ हातात धरलं. परत कानावर ठेवलं.

"येतो, आण्णा," म्हणाला आणि बांधावरून सांभाळून निघून गेला.

त्या ओळीपुढं त्यानं काहीच लिहिलं नाही. ना खूण, ना मयत. यादी तशीच तालुक्याला गेली. असं त्यानं तीस वर्षांत केलं नव्हतं.

हे बाहेर कसं आलं ते सांगतो. यादी तालुक्यातून परत आली, आमच्या वस्तीची एक ओळ कोरी का, असं विचारत. नानांना ते कळलं. त्यांनी दोन ओळींचा अर्ज लिहिला की कोतवाल माणसं बघून लिहितो. चारचौघांत म्हणाले, "माझं बरोबर लिवलं त्यानं. ज्ञानोबा मेलेल्या बायकोचं खातोय, ते ह्याला दिसत न्हाई." बबनला नोटीस मिळाली. त्याचं नाव तेव्हा पौडच्या तालुका कचेरीत शिपायाच्या जागेसाठी लागलेलं होतं. शिपाई झाला असता तर पगार, पेन्शन. कोतवालाला ते काही नाही. सात दिवसांत खुलासा करा, असं आलं होतं. मला हे दुकानात कळलं. बबननं सांगितलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेलेली. भात झोडून अंगणात वाळत घातलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला तो आला. भातावर पाय पडू नये म्हणून कडेनं आला आणि उभा राहिला. घसा खाकरला.

"वाचू नको," मी म्हणालो.

"वाचावं लागतं."

"तुला शिपाई व्हायचंय म्हून आलायस."

"व्हायचंय. खोटं कशाला बोलू? पर तेवढ्यासाठीच असतं तर घरी बसून लिवलं असतं. मयत लिवायला कितीसा येळ लागतो?"

"मग लिव की घरी बसून! सगळ्या गावाला ठाऊक हाय."

"गावाला ठाऊक हाय," तो म्हणाला. "तुमी सांगितलं न्हाई."

मी मग त्याला बोलू नये ते बोललो. बापाचं नाव काढलं, वाडीचं काढलं. माझ्या तोंडाला हाड नाही, हे हौसा आयुष्यभर सांगत आली. ते शब्द इथं लिहीत नाही, पण बोललो होतो, हे लिहून ठेवतो. बबन ऐकत उभा राहिला. माझं संपल्यावर त्यानं यादी उलगडली आणि वाचायला लागला. अंकुश धोंडिबा. मी गप्प. कमळाबाई. मी गप्प. चंदर. प्रत्येक नावाला तो थांबायचा, मी काही बोललो नाही की स्वतःच हलक्यानं "हाय" म्हणायचा आणि पुढं जायचा. कोंबड्या भात खात होत्या, मी हाकलल्या नाहीत.

"हौसाबाई ज्ञानोबा शेडगे."

इथं तो हाय म्हणाला नाही. यादीकडंही पाहिलं नाही. माझ्याकडं पाहत राहिला. त्याचा घसा बसलेला होता, श्वास ऐकू येत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "न्हाई रं बबन. गेली ती."

मला वाटलं आता पेन काढील. त्यानं यादीची घडी केली, दुधाच्या पिशवीत घातली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला. आणि खाली बसला. भाताच्या कडेला, मातीत, मांडी घालून. तीस वर्षांत त्या अंगणात तो पहिल्यांदा बसला.

"काय झालतं, आण्णा?" म्हणाला. "सांगा."

सात महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, वाईट झालं. म्हणायचे, देवाची मर्जी. काय झालं ते कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही वाटायचं, सांगण्यासारखं काय आहे?

पण सांगायला लागलो तर थांबेना. सांगितलं की ताप सोमवारी आला, पण ती बुधवारपर्यंत बोलली नाही, मळ्यातला पावटा काढायचा राहिला होता म्हणून. गाडी आली तेव्हा चुलीवर कालवण होतं. गाडीत चढताना म्हणाली, "उतरून ठेवा, लागंल." मी ते उतरलं नाही, गाडीमागं धावलो, आणि परत येईस्तोवर जळून कोळसा. सांगितलं की तिच्या चपला दारात राहिल्या. गाडीच्या गडबडीत अनवाणी गेली. आठ दिवस मला बाकी कशाचं काही वाटत नव्हतं, एवढंच वाटत होतं की तिथं फरशी थंड असणार आणि हिच्या पायात काही नाही. दवाखान्यात फोन लागला तेव्हा मी त्या बाईला हेच विचारलं, चपला दिल्या का? ती म्हणाली, "बाबा, इथं लोक मरतायत आणि तुम्ही चपलांचं विचारता?" तिचंही बरोबर होतं. पिशवी दिली होती सोबत, एक लुगडं, कंगवा, तंबाखूची डबी. पिशवी गाठ न सोडता परत आली.

बबन मधे हं म्हणायचा, एवढंच. बाकीच्या गावाची यादी त्याची तशीच पडली होती, खुलाशाच्या सात दिवसांतला तो सहावा दिवस होता, हे मला नंतर कळलं. ऊन पडवीतून उतरून अंगणात आलं, डोक्यावर आलं. मी रडलो का, ते लिहीत नाही.

बोलणं संपलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माणूस इतका वेळ मातीत बसलाय. आत गेलो, सतरंजी आणून पडवीत पसरली. "वर बस," म्हणालो.

"आता सतरंजी काढली? उठायची येळ झाली तवा?" तो म्हणाला. पण उठून वर आला, बसला. सकाळच्या भाकरी होत्या, त्या दोघांनी ठेच्याबरोबर खाल्ल्या. एका ताटात म्हणत नाही, एवढा मी मोठा नाही. पण शेजारी बसून.

"मघाशी बोललो ते..." मी म्हणालो.

"ते मी वाचलेलं न्हाई," तो म्हणाला, "म्हून लिवनार बी न्हाई."

मग यादी काढली, खूण केली, माझी सही घेतली. चैत्रानंतर खात्यावर पडलेले पैसे बँकेतून परत भरायला तोच सोबत आला. पुण्याहून मृत्यूचा दाखला आणायला चार खेटे पडले, वारसाच्या नोंदीला आणखी दोन. सातबाऱ्यावर माझं आणि लेकीचं नाव लागलं. हौसाचं नाव कंसात गेलं, वरून आडवी रेघ. मला ती रेघ बघवेना. बबननं बोट ठेवून दाखवलं.

"बघा, आण्णा, वाचता येतंय. खोडायचं ते असंच. खालचं नाव वाचता आलं पायजे. गिरगटून टाकायला सरकारी कागदात मनाई हाय."

खरं-खोटं त्याला माहीत. मी आजही ते नाव वाचतो.

शिपायाची जागा त्याला मिळाली नाही. खुलासा वेळेत गेला, पण नोटिशीचा शेरा राहिला, जागा दुसऱ्याला गेली. मी त्याला म्हणालो, माझ्यापायी झालं. तर म्हणाला, "घसा शिपाई झाला असता तर फायली उचलत बसला असता. बरं झालं." तोंडानं म्हणाला. त्याच्या पोटात काय होतं ते मला सांगता येणार नाही. दोन पोरींची लग्नं व्हायची होती. त्यानंतर आमच्याकडं आला की सतरंजी मी आधीच टाकून ठेवायचो. तो आधी अंगणात उभा राहून सगळी नावं वाचायचा, काम संपलं की मगच बसायचा. कामात बसलं तर आवाज दबतो, म्हणायचा. आम्ही शेतीचं बोलायचो, पोरींचं बोलायचो. हौसाचं मी काही काढलं तर ऐकायचा. नवीन असो की दहादा सांगितलेलं.

गेल्या भादव्यात तो गेला. साखरेचा आजार होता, पायाला जखम झाली ती भरली नाही. सत्तावन्न वय. मी बहात्तरचा, आणि मला हे लिहावं लागतंय.

ओढा ओलांडून मी बौद्धवाडीत गेलो. या गावात जन्मलो, पण त्याच्या दाराशी कधी गेलो नव्हतो. तो येत होता, जायची गरज कुणाला? घर लहान, आत-बाहेर माणसंच माणसं. रोग सरला होता, सगळे आले होते. तलाठी होते, सरपंच होते, नानाही येऊन गेले म्हणे. जो तो वाकून त्याच्या बायकोला सांगत होता, धीर धर, पोरींकडं बघ, देवमाणूस होता. ती मान हलवत होती. तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिला ह्यातलं काही पोचत नाही. सुलोचना तिचं नाव. मला ते त्या दिवशी कळलं.

कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. मी ती बाजूला सारली आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं नव्हतं.

"काय झालतं, बाई?" मी विचारलं. "सांग."

ती माझ्याकडं बघत राहिली. कोण आहे हा म्हातारा, असं वाटलं असेल. मग पदरानं तोंड पुसलं.

"काल सांच्याला म्हनले, आज पाय हलका वाटतोय," ती म्हणाली. "मी म्हनलं, मग उद्या दोघं मिळून पौडला जाऊ..."

मागून कुणीतरी म्हणालं, आण्णा, चला, बाहेर चहा केलाय. मी हातानंच नको म्हटलं. ती बोलत होती. मला उठायची घाई नव्हती.